परसातील कृत्रिम हिरवळ

शहर वाढू लागले म्हणजे पहिला घाला पडतो तो मुलांच्या खेळण्याच्या जागेवर. हैदराबादेतील जामबाग हे याचे बोलके उदाहरण होय. या वस्तीच्या नावातच बाग आहे. विवेकवर्धिनीसारखी जुनी मराठी शिक्षणसंस्था येथेच उभी आहे. आणि कोठी व सुलतान बाजार यांच्या शेजारामुळे येथील रस्ते दिवसभर वाहनांनी गजबजलेले असतात. अशा ठिकाणी ज्या थोड्या घरांमागे परस शिल्लक आहे, त्यांना तेथे कृत्रिम हिरवळीचे छोटे क्रीडांगण करावेसे वाटल्यास त्यात नवल नाही. विचार चांगला आहे. परंतु त्याचे यश वर दिसणाऱ्या हिरव्या गालिच्यावर नव्हे, तर त्याखालच्या जमिनीवर अवलंबून असते.

ही हिरवळ जन्मास आली तीच मुळी शहरी मुलांच्या गरजेतून. शहरातील मुलांना खेळावयास मऊ जमीन मिळावी, या हेतूने अमेरिकेत फोर्ड प्रतिष्ठानने या संशोधनास चालना दिली, आणि १९६४ साली प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राऊन शाळेत कृत्रिम गवत मोठ्या प्रमाणावर अंथरण्यात आले. १९६६ साली ते ह्यूस्टनच्या छप्पर असलेल्या प्रचंड क्रीडागारात गेले. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने त्यावर झाले, तेव्हा खऱ्या गवतावर वाढलेल्या भारतीय संघास सातव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. जमीन बदलली की चेंडूची चाल बदलते, हे त्या वेळी सर्वांना कळून चुकले.

घरच्या परसातही हाच नियम लागू पडतो. ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी खेळास लागते तेवढी जागा घेतली, तर लहान मुलांचा फुटबॉल व जाळीतील क्रिकेट तेथे सुखाने चालते. प्रथम वरची भुसभुशीत माती काढावयाची. हैदराबादची भूमी ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेली आहे. खाली मुरूम लागला तर काम सोपे होते. परंतु काळी माती लागली तर सावध राहिले पाहिजे, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर घाईने अंथरलेला गालिचा वर्षभरातच लाटांसारखा दिसू लागतो. म्हणून ती पुरेशी खोल काढून तेथे मुरूम भरावा, पाणी मारून तो धुम्मसाने किंवा रोलरने दाबावा. त्यावर न कुजणारे जाळीदार कापड, मग चार ते सहा इंच खडी आणि शेवटी दगडाची बारीक कच, असे थर द्यावे. प्रत्येक थर स्वतंत्रपणे दाबला गेला पाहिजे.

यानंतरची कसोटी पाण्याची. २० फुटांच्या रुंदीस सुमारे अडीच इंचांचा ढाळ पुरतो. तो डोळ्यांस जाणवत नाही, पण पाणी त्याला ओळखते. तेवढ्या जागेवर एक इंच पाऊस पडला म्हणजे २,००० लिटरांहून अधिक पाणी जमा होते. वर्षाचा सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस धरला, तर हा आकडा ६५,००० लिटरांच्या घरात जातो. हे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीकडे लोटणे हा अन्याय, आणि गटारात सोडणे ही उधळपट्टी होय. ढाळाच्या खालच्या कडेस खडीचा चर काढून तो शोषखड्ड्यास जोडावा. तेलुगू शेजारी त्यास इंकुडु गुंत म्हणतात. उन्हाळ्यात ज्या शहरातील विंधनविहिरी कोरड्या पडतात, तेथे हा खड्डा खर्चाच्या यादीत शेवटी नव्हे, तर प्रारंभी लिहिला पाहिजे. खालच्या थरांत सिमेंटचा अखंड कोबा घातल्यास मात्र जमिनीत पाणी मुरण्याची वाटच बंद होते.

गालिचा अंथरणे हे त्यामानाने सोपे काम. पट्ट्या उलगडून काही तास मोकळ्या ठेवाव्यात, सर्वांची पाती एकाच दिशेस झुकलेली आहेत ना हे पाहावे, आणि मगच सांध्यांखाली पट्टी घालून त्या चिकटवाव्यात. पात्यांच्या मुळाशी भरण म्हणून धुतलेली, कोरडी, गोल कणांची वाळू पुरते. काही ठिकाणी जुन्या टायरांच्या रबराचा चुरा वापरतात. परंतु तो पावसाबरोबर वाहून जातो. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या नियमानुसार अशा चुऱ्याची विक्री तेथे २०३१ पासून बंद व्हावयाची आहे. घरच्या परसात तो टाळलेलाच बरा.

राहिला उन्हाचा प्रश्न. खरे गवत पानांवाटे पाणी बाहेर टाकून स्वतःस थंड ठेवते. प्लास्टिकच्या पात्यांना ती विद्या साध्य नाही. कडक उन्हात त्यांचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर चढू शकते. पाणी शिंपडल्याने मिळणारा गारवा थोडाच वेळ टिकतो. तेव्हा एप्रिल–मे महिन्यांत खेळ सकाळी व सूर्यास्तानंतरच व्हावा, आणि अनवाणी पायांनी दुपारी तेथे कोणी जाऊ नये. परसात कडुनिंब किंवा पेरूचे झाड असेल तर क्रीडांगणासाठी ते तोडणे म्हणजे सावली विकून ऊन विकत घेणे होय. झाडाच्या बुंध्याभोवती रुंद आळे मोकळे सोडावे. मुळांवर खडी दाबू नये.

कृत्रिम हिरवळीस पाणी व कापणी लागत नाही, हे खरे. पण ती अमरही नाही. आठ-दहा वर्षांत ती झिजते, आणि निरनिराळी प्लास्टिके एकत्र चिकटलेली असल्याने तिचा पुनर्वापर कठीण असतो. म्हणून संपूर्ण परस झाकण्याचा मोह आवरून खेळास लागेल तेवढीच जागा घ्यावी. उरलेल्या मातीत चार झाडे वाढतील, पाणी मुरेल, आणि चेंडू हरवला तर शोधावयास जागाही राहील.