खडबडीत जमिनीवर बूम लिफ्ट का कलंडते? तुमच्या मोबाईलमधल्या सेन्सरचा इथे काय संबंध?

मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते, कारण आतला अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. बूम लिफ्टमधला टिल्ट सेन्सरही हेच काम करतो. लांब हाताच्या टोकाला माणसं उभी राहायची बास्केट असलेलं हे मशीन तुम्ही होर्डिंगच्या किंवा शेडच्या कामावर पाहिलं असेल.

माझा एक मित्र साइट इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ओके, असंच पोरं समजतात." हाच गैरसमज जिवावर बेततो.

थोडं गणित करू

समजा डाव्या-उजव्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि एका बाजूची चाकं १० सेंटीमीटर खचली. कल झाला जेमतेम ३ अंश. पण १८ मीटर उंचीवरची बास्केट त्यामुळे सुमारे ९० सेंटीमीटर बाजूला सरकते! मशीनचा गुरुत्वमध्य चाकांच्या बाहेर गेला, की ते कलंडतंच.

सेन्सरला काय कळत नाही?

सेन्सर मशीनचा आत्ताचा कल मोजतो. कल मर्यादेबाहेर गेला की अलार्म वाजतो. बऱ्याच मशीनमध्ये ही मर्यादा ५ अंश किंवा त्याहून कमी असते. पण चाकाखालची जमीन पुढच्या मिनिटाला खचणार आहे, हे त्याला दिसत नाही. नुकताच बुजवलेला चर, ड्रेनेजचं झाकण, पावसात भिजलेली काळी माती, हे सगळं वरून ठीकच दिसतं. म्हणून मशीन न्यायच्या आधी तो रस्ता स्वतः पायी चालून बघा.

"४५ टक्के चढ चढते" म्हणजे काय?

माहितीपत्रकातला हा आकडा बूम पूर्ण खाली असताना मशीन चालवण्यासाठी असतो. बूम वर करून काम करायला जागा सपाट आणि टणकच हवी.

वर जाण्याआधी एवढं बघाच

- हार्नेसचा हुक बास्केटमधल्या ठरलेल्या जागीच अडकवा. चाक खड्ड्यात आदळलं तर बूम चाबकासारखा झटका देतो आणि माणूस बाहेर फेकला जातो.
- वाऱ्याची आणि वजनाची मर्यादा मशीनवरच्या प्लेटवर वाचा.
- विजेच्या तारांपासून लांब राहा.
- खालच्या पॅनलवरून बास्केट उतरवता येणारा माणूस जमिनीवर हवाच.

अलार्म वाजलाच तर?

गाडी पुढे-मागे करू नका, बूम फिरवू नका. साधारण नियम असा: बास्केट उताराच्या बाजूला असेल तर आधी बूम आत घ्या, मग खाली करा. चढाच्या बाजूला असेल तर आधी खाली, मग आत. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा.

आणि हो, मोबाईलमधलं लेव्हल अ‍ॅप बघून "चालतंय रे" म्हणू नका. जमिनीची खात्री पायांनीच करायची. साइटवर काम करणारा कुणी मित्र असेल तर त्याला हा लेख नक्की पाठवा.