जेवणातले लिंबू आणि बायकांच्या अंगातले रक्त



चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडून पिवळा होतो. जमिनीत लोह असते, पण मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून आपण शेणखतात हिराकस मिसळून देतो. घरातल्या बायकांचेही असेच होते. ज्वारी-बाजरीची भाकरी, हरभरा, पालेभाज्या या सगळ्यांत लोह आहे. पण धान्या-डाळीतले काही घटक ते धरून ठेवतात आणि आतड्यात थोडेच उतरते. त्याच घासाबरोबर लिंबू, मोसंबी किंवा संत्रे पोटात गेले, तर त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषले जाते.

बाईला याची गरज जास्त, कारण दर महिन्याला पाळीत रक्त जाते आणि गरोदरपणात पोटातल्या बाळालाही लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर जिवावर बेतते.

लिंबू भाजीत उकळू नये, उष्णतेने 'क' जीवनसत्त्व नासते. ताटात वाढल्यावर पिळावे. आणि चहा! जेवणावर लगेच चहा घेतला की लिंबाने कमावलेले चहाने घालवले. तासभर तरी थांबावे. पाळीत आंबट खाऊ नये म्हणतात, त्याला काही आधार नाही.

संत्र्या-मोसंबीत फोलेटही असते. १९२८ नंतर मुंबईत डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास केला, त्यातूनच पुढे फॉलिक ॲसिडचा शोध लागला.

मात्र लिंबू म्हणजे औषध नव्हे. त्याने मूल राहते, पाळी सुधारते, असे कोणी सांगितले तर ऐकू नये. गरोदर बाईने सरकारी दवाखान्यातली लोह-फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस घ्यायचीच, बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. त्या गोळीतही लोहाचा क्षार हिराकसाच्याच जातीचा असतो, पण औषधी शुद्धतेचा. शेतातला कोणी चाखू नये! गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा-दुधाबरोबर नको. पाळीत फार रक्त जात असेल, तर आधी रक्त तपासून घ्यावे.

विहिरीकडेला कागदी लिंबाचे एखादे झाड बहुतेकांकडे असतेच. तोडीला आलेल्या टोळीतल्या बायकांना त्यातली चार लिंबे दिली, तर त्यांच्याही भाकरीला उपयोगी पडतील.