झुंबरातला उजेड : पाव शतकाचा मागोवा

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसकडच्या जुन्या माणसांना राजधानी म्हटलं की मुंबई नव्हे, हैदराबाद आठवायचं. 1956 साली परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, तरी पूर्णा जंक्शनला गाडीत बसून हैदराबाद गाठायची सवय काही सुटली नाही. म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या दिव्यांचं काय झालं हे पाहायचं, तर मला सुरुवात तिथल्याच चौमहल्ला राजवाड्यापासून करावी लागते.

या वाड्यातल्या खिलवत मुबारक या दरबार हॉलात बेल्जियन काचेची 19 झुंबरं आहेत. निजामांचा दरबार इथेच भरायचा. संस्थान गेलं आणि वाड्यावर अवकळा आली. 2000च्या आसपास निजाम घराण्यातल्या प्रिन्सेस एसरा यांनी डागडुजी हाती घेतली. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा सोबत होते. झुंबरं पुन्हा टांगली गेली, 2005 मध्ये वाडा लोकांसाठी खुला झाला आणि 2010 मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिकडे झुंबरं उजळत होती त्या वर्षांत आमच्या खेड्यांत भारनियमन होतं आणि पोरं कंदिलाच्या काचा पुसत होती, हेही नोंदवून ठेवतो.

मुंबईत त्याच सुमारास भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं काम चाललं होतं. 1872 मध्ये खुली झालेली ही वास्तू पार थकली होती. वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी तिचं जतन केलं. 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार आणि 2008 मध्ये पुन्हा उद्घाटन. या दोन कामांनी आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट दाखवून दिली : जुनी वास्तू नुसता रंग मारून उभी राहत नाही.

झुंबराचं काम मोठं चिकाटीचं. आधी ते चाकावरून हळूहळू खाली घ्यायचं, मग प्रत्येक लोलकाला नंबर देऊन फोटो काढायचे. तसं केलं नाही तर शेकडो सारखे दिसणारे तुकडे पुन्हा जागेवर लागणं मुश्कील. धुवायला शुद्ध पाणी आणि सौम्य साबण. लोलक अडकवणाऱ्या पितळी पिना झिजलेल्या असतात, त्या बदलायच्या. यातली बरीच झुंबरं मुळात मेणबत्त्यांसाठी घडवलेली. पुढे वीज आली तशा त्यांच्या पोकळ हातांतून तारा ओवल्या गेल्या. त्या तारांचं रबर आता वाळून तडकलेलं असतं. खरी भीती काचेची नाही, या तारांची. शॉर्टसर्किट झालं तर खालचा गालिचा आणि वरचं लाकडी छत, दोन्ही जाणार.

वायरिंग बदललं की बल्ब कुठला लावायचा हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते अर्धा जीर्णोद्धार इथेच बिघडतो. चाळीस वॉटचे शंभर बल्ब म्हणजे चार हजार वॉटची भट्टी. चार वॉटचे एलईडी लावले की चारशेत काम भागतं. हिशेब सोपा, म्हणून कुणीतरी स्वस्त, दुधी काचेचे एलईडी भरून मोकळा होतो. मग झुंबर पेटतं, पण चमकत नाही. लोलकाचे पैलू चमकायला उजेडाचा ठिपका लागतो, मेणबत्तीच्या ज्योतीएवढा. दुधी बल्ब तो ठिपकाच पसरून टाकतो. पारदर्शक काचेचे, आत बारीक फिलामेंटसारखी पट्टी असलेले एलईडी बाजारात आले तेव्हा कुठे हा पेच सुटला. रंगही जुन्या पिवळसर बल्बासारखा, 2700 केल्विनच्या आसपास ठेवावा लागतो. पांढऱ्या उजेडात दिवाणखान्याचं मेडिकल स्टोअर होतं. जुना डिमर तसाच ठेवला तर नवे बल्ब फडफडतात, तोही बदलायला हवा.

बल्बाइतकाच प्रश्न वजनाचा. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. छत पेलेल की नाही हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. आज हत्ती नकोत, इंजिनिअरचा कागद हवा. पण वजन तपासल्याशिवाय झुंबर टांगायचं नाही, ही समज तेव्हाही होती.

एलईडीखेरीज दुसरा बदल सावकाश झाला आणि प्रेक्षकांना तो अजून रुचलेला नाही : उजेड कमी करणं. कापड, जलरंग, हस्तलिखितं यांना 50 लक्स (उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांना 200 लक्सच्या आसपास, एवढाच उजेड जगभर मानला जातो. भर उन्हात तो लाखाच्या घरात असतो. म्हणून जुनी पैठणी पाहायला गेलेला माणूस म्हणतो, दिवे लावा ना! पण रेशमाचा उडालेला रंग परत येत नाही. जुने फानूस मग शोभेपुरते मंद ठेवायचे आणि वस्तूवर लपवलेला बारीक झोत सोडायचा, असा तोडगा निघाला.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात प्रकरण उलटं आहे. तिथे दिवाच वस्तू. केळकरांनी समया, लामणदिवे गोळा केले आणि 1961 मध्ये भारतातल्या दिव्यांवर त्यांचं पुस्तकही आलं. घरची समई आपण चिंचेने लख्ख घासतो. संग्रहालयातली तशी घासली तर वर्षानुवर्षं चढलेली छटा आणि कारागिराच्या बारीक रेषा दोन्ही जातात.

आता नवी धास्ती आहे ती एलईडीचीच. काही कंपन्या बल्ब आणि दिवा एकत्र सीलबंद करून विकतात; बल्ब गेला की सगळा दिवाच फेकायचा, आणि दहा वर्षांनी तसा दुसरा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून जाणकार सांगतात, साधा स्क्रूचा होल्डर ठेवा, काचेला नवं भोक पाडू नका, काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून पेटीत जपा. पुढच्या वेळी झुंबर खाली उतरेल तेव्हा ती पेटी उघडावी लागेल.