पोटांतील कळ आणि एरंडेल

मध्यरात्रीं घरांतील मूल पोट धरून कण्हूं लागलें, कीं वडीलधाऱ्यांस प्रथम आठवतें तें एरंडेल. कांहीं अरबट-चरबट खाण्यांत आलें असेल, एकदां कोठा साफ झाला म्हणजे दुखणें थांबेल, असा त्यांचा हिशेब असतो. पुष्कळदां दुखणें अजीर्णाचेंच असतें. लंघनानें व ओव्याच्या चिमटीनें तें सकाळपर्यंत निवळतेंही. परंतु एका दुखण्यांत हाच हिशेब जिवावर बेततो. तें दुखणें म्हणजे आंत्रपुच्छाचा दाह, अर्थात् अपेंडिसाइटिस.

मोठ्या आंतड्याच्या आरंभीं करंगळीएवढी, बंद टोंकाची एक नळी असते. मळाचा खडा अडकून किंवा आंतील ग्रंथि सुजून तिचें तोंड बुजलें, कीं आंत दाब वाढतो व दाह सुरू होतो. नवल असें कीं, आरंभीं कळ जाणवते ती बेंबीभोंवतीं. या नळीचे आणि बेंबीच्या कातडीचे मज्जातंतु पृष्ठरज्जूंत एकाच पातळीवर येऊन मिळतात, त्यामुळें मेंदूची फसगत होते. कांहीं तासांनीं सूज पोटाच्या अस्तरास भिडते, आणि मग कळ आपली खरी जागा दाखविते: पोटाच्या उजव्या बाजूस, खालीं. ती चालतांना, खोकतांना वाढते. मागोमाग ओकारी, अन्नद्वेष व बारीक ताप येतो.

अशा वेळीं रेचक दिलें तर आंतडें जोरानें आकुंचन पावतें आणि तटतटलेली नळी फुटण्याचें भय वाढतें. ती फुटली म्हणजे दाब उतरून कळ कांहीं काळ थांबते. गुण आला, असें समजून घर निजतें. इकडे पू पोटांत पसरत असतो.

या विकारास १८८६ सालीं बोस्टनचे डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनीं नांव दिलें व वेळींच शस्त्रक्रिया करण्याचा आग्रह धरला. १९०२ सालीं सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक अवघ्या दोन दिवसांवर आला असतां याच दुखण्यापायीं पुढें ढकलावा लागला. २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं पोटांतील गळूं फोडलें, आणि ९ ऑगस्टला राजा अभिषेकास उभा राहिला. आज सोनोग्राफीनें निदान सुकर झालें आहे, व शस्त्रक्रिया लहानशा छिद्रांतून होते.

म्हणून कळ जागा बदलूं लागली, पोट हात लावूं देईना, किंवा तीव्र दुखणें सहा तासांतही थांबेना, तर एरंडेल नको, शेक नको, अन्नही नको. रात्र असली तरी डॉक्टरकडे न्यावें. अजीर्ण सकाळपर्यंत वाट पाहूं शकतें. आंत्रपुच्छ पाहीलच असें नाहीं.