लेबर रूममधला बिनकामाचा माणूस

बाळंतपणाच्या दिवशी नवऱ्याइतका कामात बुडालेला माणूस दवाखान्यात दुसरा नसतो. भरतीचा फॉर्म त्याने भरायचा, डिपॉझिट त्याने भरायचं, खालच्या मेडिकलमधून इंजेक्शनं त्याने आणायची, रक्ताची वेळ आली तर त्याची सोय त्यानेच बघायची आणि मधल्या वेळात दोन्हीकडच्या नातेवाइकांचे ‘काय झालं?’ म्हणून येणारे फोनही त्यानेच घ्यायचे. ही धावपळ खोटी नाही, तिच्यात जीवही असतो. पण ती संपते तेव्हा बाळ जन्मलेलं असतं, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं तिने ते सारे तास अनोळखी खोलीत, अनोळखी माणसांमध्ये काढलेले असतात. होणाऱ्या बापाला सल्ला द्यायचाच तर पहिला सल्ला असा की त्या दिवशी कामातून मोकळे व्हा. फॉर्म, पैसे, फोन हे सगळं मेहुण्याकडे, भावाकडे, मित्राकडे आधीच सोपवून ठेवा. कळा सोसणाऱ्या बाईला सर्वांत उपयोगी पडतो तो तिच्याजवळ थांबण्याखेरीज दुसरं काहीच काम नसलेला माणूस, आणि हे केवळ भावनेपोटी म्हणावं असं राहिलेलं नाही.

१९८० साली ग्वाटेमालातल्या एका सरकारी रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे बायका एकट्याच बाळंत होत, नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. संशोधकांनी काही बायकांजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. ती पाठ चोळायची, हात धरायची, बोलायची, इतकंच. गुंतागुंत न होता बाळंत झालेल्यांमध्ये, जिच्याजवळ कुणीतरी होतं तिला सरासरी नऊ तासांच्या आत मूल झालं. एकटीला एकोणीस तासांहून जास्त लागले. तो अभ्यास लहान होता आणि इतका मोठा फरक पुढे सगळीकडे दिसला नाही. पण दिशा बदलली नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण साधारण चतुर्थांशाने कमी होतं, वेदनाशामक औषधं कमी लागली, प्रसूती सरासरी चाळीसेक मिनिटं लवकर झाली, आणि बाळंतपणाची कडवट आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी होत्या. एखाद्या गोळीने एवढं साधलं असतं तर कंपन्यांनी तिची जाहिरात करून आपले कान किटवले असते.

या सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘सतत’ हा आहे. कळा पुढे नेणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक भीतीत आणि ताणात नीट काम करत नाही; घाबरलेल्या शरीरात अॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. ही भीती दर तासाला कुणी डोकावून गेल्याने जात नाही. सिस्टरच्या हाताखाली एका वेळी तीन-चार बाळंतिणी असतात, डॉक्टर तपासून पुढे जातात, मावशींची पाळी बदलते. यात कुणाचा दोष नाही. प्रत्येकाला आपापलं काम आहे. उठून जाण्याचं कारण नसलेला एकच माणूस त्या खोलीत असू शकतो, आणि तो बाहेरूनच यावा लागतो.

आता या पुराव्यातली एक अडचण नवऱ्यांनी नीट ऐकायला हवी. सिझर कमी होण्याचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो तो सोबतीला अशा कामाची सवय असलेली, कुटुंबाबाहेरची बाई असते तेव्हा. नवरा किंवा घरचं माणूस सोबत असेल तर बाईचं समाधान नक्की वाढतं, पण कळांच्या प्रवासावर तितकाच परिणाम होतो असं म्हणता येत नाही. म्हणजे नवरा हा अशा अनुभवी बाईचा पर्याय नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट ब्रॅडली या डॉक्टरांनी १९६५ मध्ये नवऱ्याला बाळंतपणातला ‘कोच’ बनवणारं पुस्तक लिहिलं आणि ती कल्पना फार गाजली. नवऱ्यांना आत आणलं हे तिचं मोठं श्रेय. पण कोच म्हटलं की शिट्टी आली, सूचना आल्या, ‘आता श्वास घे, आता सोड’ आलं. जिला कळ येते आहे तिला शिकवणाऱ्याची गरज नसते. दोन माणसांना परवानगी असेल तर एक अनुभवी बाई आणि एक नवरा ही जोडी सर्वांत बरी, आणि त्यात बोलण्याचं काम अनुभवी बाईकडे असावं.

मग नवऱ्याने करायचं काय? आधी वेळेचा अंदाज बदलायचा. सिनेमात कळ येते आणि पुढच्या दृश्यात बाळ रडतं. प्रत्यक्षात पहिलटकरणीच्या गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ किती लांबेल याला ठरलेलं माप नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. त्यानंतरचा जोराच्या कळांचा टप्पा पहिल्या खेपेला सहसा बारा तासांच्या पुढे जात नाही, आणि पूर्ण दहा सेंटिमीटर झाल्यावर बाळ यायला तीन तासही लागू शकतात. हे आकडे ठाऊक असलेला नवरा चौथ्या तासाला ‘अजून कसं होत नाही?’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागत नाही, आणि सिझर करून टाका असा घरच्यांकडून येणारा आग्रहही थोपवू शकतो. तिला पलंगावर सरळ आडवं ठेवण्यापेक्षा चालतं, बसतं, पुढे वाकलेलं राहू द्यावं. पहिल्या टप्प्यात उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांची प्रसूती सरासरी तासाहून अधिक लवकर झाल्याचं २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. कंबरेतून कळा येत असतील तर कळ चालू असताना माकडहाडाच्या जरा वर तळव्याने जोरात, स्थिर दाब द्यायचा. कुरवाळण्याने तिथे काही होत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दोन कळांच्या मध्ये पाण्याचा घोट द्यायचा, दर दोनेक तासांनी लघवीची आठवण करायची. कळ चालू असताना प्रश्न विचारायचा नाही. ‘एवढं काय त्यात, सगळ्याच बायका करतात’ हे वाक्य कुणी उच्चारलं तर त्या व्यक्तीला चहा प्यायला बाहेर पाठवायचं. आणि शेवटच्या टप्प्यात ती हात झिडकारून ‘जा इथून’ म्हणाली, तर हात मागे घ्यायचा पण जागा सोडायची नाही. दवाखान्यात जाण्याआधी काही गोष्टी मात्र थांबून बघण्याच्या नसतात: पाणी हिरवट गेलं, अंगावरून जास्त रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरी घड्याळ लावून कळा मोजत बसायचं नाही, निघायचं.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा. ‘आमच्याकडे नवऱ्याला आत सोडत नाहीत.’ केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीला परवानगी दिली. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली नातेवाईक असावी, तिने पूर्ण वेळ थांबावं, कामात अडथळा आणू नये, अशा अटी आहेत. जिथे बायकांना आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही मुभा आहे. आडोशाची अट मला रास्त वाटते. एका हॉलमध्ये पाच बाळंतिणी असतील तर आपल्या बायकोच्या सोबतीच्या हक्कासाठी उरलेल्या चौघींची लाज पणाला लावता येत नाही. तिथे नवऱ्याने हट्ट धरू नये, तिच्या आईला किंवा बहिणीला आत पाठवण्याचा आग्रह मात्र जरूर धरावा. सातव्या-आठव्या महिन्यातच दवाखान्याचा नियम विचारून ठेवला तर ऐन वेळची वादावादी टळते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ मिशेल ओदाँ यांचं म्हणणं असं की पुरुषाची अस्वस्थता बाईला लागते आणि प्रसूती लांबते, म्हणून त्याने बाहेरच राहावं. घाबरलेल्या, बडबड्या, मोबाइलवर चित्रण करणाऱ्या नवऱ्याबाबत ते खरंही असेल. पण त्यावरून सिद्ध होते ती तयारीची गरज. रक्त पाहून आपल्याला चक्कर येते हे ज्याला ठाऊक आहे त्याने तिच्या डोक्याशी, तिच्या चेहऱ्याकडे बघत बसावं, आणि तेही जमणार नसेल तर आधीच सांगावं. तिलाच तो आत नको असेल तर प्रश्नच मिटला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बाईने स्वतः निवडलेल्या सोबतीची आहे, नवऱ्याच्या हजेरीची नाही. त्यात तिने आईचं नाव घेतलं तर रुसायचं कारण नाही.

डॉक्टरांचीही एक भीती असते आणि ती उगाच नाही. नातेवाइकांकडून होणाऱ्या मारहाणीविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आत आलेला नवरा प्रत्येक इंजेक्शनचा जाब विचारू लागला तर हात थरथरणार कुणाचे? पण जे घडतंय ते शेजारी बसून पाहणाऱ्याला डॉक्टरांची घाईही समजते आणि प्रयत्नही. बंद दाराबाहेर मात्र संशय वाढत जातो. शिवाय जाब विचारण्याचा हक्क मुळात तिचा आहे. शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाच्या जागी दुसऱ्याची संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. तिथे संमती देणारी तर रुग्णाची आई होती. तेव्हा कागद नवऱ्यासमोर आला तर त्याने तो तिच्याकडे न्यावा, आणि तातडी नसेल तर हे कशासाठी, न केल्यास काय, विचाराला किती वेळ आहे, एवढं शांतपणे विचारावं.

उरतो तो आपल्याकडचा खास प्रश्न, पहिलं बाळंतपण माहेरी करण्याचा. या रिवाजामागे मोठं शहाणपण आहे: तिला आई मिळते, विश्रांती मिळते, सासरची कामं सुटतात. पण नवरा पुण्यात, ती लातूरला, आणि कळा रात्री दोनला सुरू झाल्या तर तो पोचेपर्यंत बाळ कपड्यात गुंडाळलेलं असतं. माहेर रद्द करण्याची गरज नाही. रजेची आखणी बदलायची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना पितृत्वाची १५ दिवसांची रजा आहे आणि ती प्रसूतीच्या आधीही सुरू करता येते. खाजगी नोकरीत असा सरसकट हक्क नाही, तिथे साठवलेली रजा बारशासाठी न राखता तारखेच्या आसपास घ्यावी लागेल. सिझर झालं तर ही रजा अधिकच कारणी लागते, कारण आईला टाके घातले जात असताना बाळाला उघड्या छातीशी धरायला कुणीतरी लागतं. कांगारूसारखी ही पद्धत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बोगोटातल्या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांसाठी सुरू केली. त्वचेची ऊब बापाची असली तरी बाळाला चालते. सदऱ्याऐवजी पुढून बटणं असलेला शर्ट घालून जावं.