थांब्याचं घड्याळ कधी सुरू होतं? ताम्हिणीची ग्रुप राइड आणि शेवटची गाडी

आजचा भाग गाडीवाल्यांसाठी आहे, म्हणजे दोन चाकांच्या गाडीवाल्यांसाठी. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोलतानाचे "अं" आणि "म्हणजे कसं" तेवढे गाळलेत.

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो: "रविवारी ताम्हिणी?" चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग मुळशीचं पाणी, मग घाट आणि खाली उतरलं की विळे. तिथे फाटा फुटतो, एक रस्ता कोलाडकडे आणि एक निजामपूरवरून माणगावकडे. रस्ता सुंदर आहे, चहाला जागा आहेत, संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. आमचा आठ गाड्यांचा ग्रुप दरवर्षी किमान दोनदा जातो. त्यात बुलेट आहे, दोन स्कूटर आहेत आणि एका काकांची जुनी स्प्लेंडर आहे. काकांचं वय बासष्ट.

हे काका आधी दुसऱ्या एका ग्रुपबरोबर जायचे. ते का सोडलं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अरे, तिथे मला चहाच मिळायचा नाही." मी हसलो. पण ते खरंच सांगत होते.

हिशोब करून बघा. पुढच्या गाड्या टपरीवर पोचल्या. काका त्यांच्या चालीने बारा मिनिटांनी आले. पुढचे तोवर चहा पिऊन, फोटो काढून मोकळे. पंधरा मिनिटं झाली की कोणीतरी म्हणतं, "चला, निघूया?" पुढच्यांना विश्रांती पंधरा मिनिटं, काकांना तीन! त्यात हेल्मेट काढायचं, रेनकोट झटकायचा, पाठ सरळ करायची. असे चार थांबे झाले की पुढच्यांना तासभर विश्रांती आणि शेवटच्याला बारा मिनिटं. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ती सगळ्यात कमी. आणि तो दमलेला माणूस परत सगळ्यांना गाठायला घाई करणार. ग्रुप राइडमधला मोठा धोका मला इथे दिसतो. बाकीचं सगळं नंतर.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: थांब्याचं घड्याळ शेवटचं हेल्मेट उतरल्यावर सुरू होतं. आधी पोचलेल्यांनी हवा तेवढा वेळ डोंगर बघावा.

आता प्रश्न येतो की मागचा मागे पडतो कशामुळे? प्रत्येक वेळी गाडीचा दोष नसतो. थोडं गणित आहे, पण सोपं आहे.

ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण 14 मीटर जाते. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवलं तर मध्ये 28 मीटर होतात. आता पिरंगुटला स्पीडब्रेकर आला, सगळे ताशी 10 वर आले. दोन सेकंदांचं तेच अंतर आता साडेपाच मीटर झालं. सगळे जवळजवळ! मग पुढचा ब्रेकर ओलांडून परत 50 ला पोचतो आणि मागच्याला दिसतं की साडेपाच मीटरचे 28 झाले. त्याला वाटतं, "अरे, हा तर पळाला." खरं म्हणजे सेकंद तेवढेच आहेत, फक्त मीटर वाढलेत. पण डोळ्यांना मीटर दिसतात, सेकंद दिसत नाहीत. तो जास्त पिळतो, मग जवळ गेला की ब्रेक मारतो. त्याच्या मागचा त्याहून जास्त पिळतो आणि त्याहून जोरात ब्रेक मारतो. आठव्या गाडीपर्यंत पोचेस्तोवर या धक्क्याचा चांगलाच झटका झालेला असतो. पुढचा आरामात 50 ने चाललेला असतो आणि शेवटचा कधी 30, कधी 70.

उपाय काय? अंतर सेकंदात मोजायचं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. तोवर आपण खांबाशी पोचलो नाही, तर अंतर ठीक. पावसात तीन-चार म्हणा. सरळ रुंद रस्त्यावर एक गाडी थोडी डावीकडे, एक थोडी उजवीकडे अशी तिरकी रांग चालते, पण आपल्या लेनमध्येच. घाटाची वळणं सुरू झाली की ती मोडायची आणि एकामागे एक यायचं, कारण वळणावर प्रत्येकाला पूर्ण लेन लागते.

दुसरी गोष्ट आरशाची. पुढच्याच्या मागे धावण्यापेक्षा प्रत्येकाने मागच्याला जपायचं. आरशात मागची गाडी दिसेना झाली की वेग कमी करायचा. तुम्ही हळू झालात की तुमच्या पुढचा हळू होतो, त्याच्या पुढचाही. फोन न करता निरोप पहिल्या गाडीपर्यंत पोचतो. ताम्हिणीत फोनची रेंज जाते, तेव्हा हे फार कामाला येतं. आणि विळे फाट्यासारख्या ठिकाणी प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. नाहीतर अर्धा ग्रुप कोलाडला आणि अर्धा माणगावला!

कोणीतरी म्हणेल, एवढं हळू गेलं तर दिवस संपेल ना? संपत नाही हो. पन्नास किलोमीटरचा पट्टा 50 ने केला तर एक तास, 60 ने केला तर पन्नास मिनिटं. वाचली दहा मिनिटं. पण ताशी 40 च्या ऐवजी 60 ने जाताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं, कारण ते अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ओल्या रस्त्यावर तर आणखी.

आता थांब्यांबद्दल. आपण जातो बघायला, त्यामुळे थांबणारच. पण कुठे थांबायचं हे दृश्यावर सोडायचं नाही, रस्त्यावर सोडायचं.

मुळशीचंच घ्या. पुण्याहून जाताना जलाशय बराचसा उजव्या हाताला राहतो. म्हणजे तिथे थांबायचं तर आठ गाड्यांनी समोरची वाहतूक कापायची, तीही बहुतेक वळणाजवळ. त्यापेक्षा मुळशी येतानाच्या थांब्यात घाला, तेव्हा पाणी डाव्या हाताला येतं. शिवाय दुपारनंतरचा उजेडही छान असतो.

आणि तिथे थांबलात की एक गोष्ट आठवा. हे धरण टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधलं. त्याविरुद्ध 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला, कारण मावळातल्या शेतकऱ्यांची गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यातून मिळालं. आणि गंमत बघा, मुळा नदीचं हे पाणी मुळात पूर्वेला, भीमेकडे जाणारं. ते अडवून पश्चिमेला कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सोडतात. पुढे ते कुंडलिकेला मिळतं. कोलाडला लोक राफ्टिंग करतात ना, ते याच पाण्यावर. एवढं माहीत असलं की मुळशीचा थांबा सेल्फीपुरता राहत नाही.

तसंच धबधब्यांचं. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो, म्हणून डोंगराला पायऱ्या दिसतात आणि पायरीवरून पाणी कोसळतं. पण त्याच झिजेमुळे पावसात वरून दगडही सुटतात. त्यामुळे कड्याच्या पायथ्याशी गाडी लावायची नाही. रस्त्यावर ताजी माती, बारीक खडे पडलेले दिसले तर तिथे थांबायचंच नाही, दृश्य कितीही भारी असो. वळणापासून लांब, सगळ्या गाड्या डांबराच्या पूर्ण बाहेर उभ्या राहतील अशी जागा मिळाली तरच थांबा. ओल्या मातीत साइड स्टँड रुततो, म्हणून खाली चपटा दगड ठेवा. उतार असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आणि धबधब्यावर जायला प्रशासनाने मनाई केली असेल तर वाद न घालता पुढे निघा.

घाट उतरताना न्यूट्रल किंवा क्लच दाबून गाडी सोडणं अजिबात नको. पेट्रोल वाचतं असं वाटतं, पण मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबले की तापतात आणि धरेनासे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्या. स्कूटरवाल्यांना गिअर बदलायची सोय नाही, त्यांचे ब्रेक जास्त तापतात, म्हणून उतारावर त्यांना एक जादा थांबा द्या. आणि अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता सभ्यपणा नाही, वाहतुकीचा नियम आहे.

मग रांग लावायची कशी? रस्ता माहीत असलेला आणि स्वभावाने शांत असा माणूस पुढे. त्याच्या लगेच मागे सगळ्यात हळू चालवणारा, म्हणजे चाल त्याची राहते. आणि सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस, ज्याच्याकडे पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी आहे. शेवटची जागा कमीपणाची नाही, ती जबाबदारीची आहे.

आमच्या काकांची स्प्लेंडर आता दुसऱ्या नंबरवर असते. त्यांना पहिल्या फेरीतला गरम चहा मिळतो आणि मागे कोणी धापा टाकत येत नाही. बासष्टाव्या वर्षी पावसात घाटात जायची हौस आहे, शरीर साथ देतंय, तर निव्वळ आपल्या घाईपायी त्यांनी घरी बसावं का?

येत्या रविवारी निघणार असाल तर निघायच्या आधी ग्रुपवर एवढंच ठरवा: दुसरी गाडी कोणाची आणि शेवटची कोणाची. बाकी डोंगर आहेतच तिथे. हेल्मेट घाला, मागे बसणाऱ्यालाही द्या, आणि तुमच्या ग्रुपचे नियम आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!