लाल कोळी ओळखा, मोठ्या कोळ्याला जगू द्या

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात झेंडू आणि गुलाबाच्या राशी लागतात. या दोन्ही फुलांच्या झाडांवर उन्हाळ्यात लाल कोळी ही कीड येते. गच्चीवरच्या कुंड्याही तिच्यातून सुटत नाहीत.

पानावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले की पान उलटून बघावं. मग पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे कण कागदावर चालू लागले, तर बहुधा लाल कोळीच. प्रादुर्भाव वाढला की शेंड्यांवर बारीक जाळी चढते.

उड्या मारणारा किंवा फुलात दबा धरून बसलेला मोठा कोळी मात्र झाडाचा मित्र. तो माश्या, तुडतुडे खातो.

लाल कोळी घालवायला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, संध्याकाळी निंबोळी तेल फवारा. कीटकनाशक सरसकट मारू नका, त्यात हे मित्रही मरतात.